दोन टोल्यांचे मोल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या आणि सर्व थरांतल्या स्त्रिया आहेत. मी त्यांतली एक ख्रिस्ती सभासद. ख्रिस्ती मंडळीत दान आणि उपासना यांची सांगड कशी घातलेली असते, ते आज मी सांगावे असे ठरले. ठरण्यामागे कारणही आहे. मंडळाच्या इमारत निधीची गोष्ट गेले काही महिने चालू आहे. देणगीदारांची नावे आकड्यांसह स्मरणिकेत छापावीत की छापू नयेत, यावर दोन मते पडली आहेत. तो निर्णय आपण सर्वजणी मिळून करू. मी आज फक्त आमच्या देवळात काय शिकले तेवढे आपल्यापुढे ठेवते. त्यातून काही उपयोगी पडले तर घ्यावे.

आधी शब्दांचा खुलासा करते. आम्ही 'मंडळी' म्हणतो ते एका गावातल्या किंवा एका देवळातल्या भाविकांच्या समुदायाला. 'उपासना' म्हणजे रविवारी सर्वांनी मिळून केलेली देवाची भक्ती. तिच्यात गीते असतात, प्रार्थना असते, शास्त्रवाचन असते, पाळकांचा उपदेश असतो. आणि या सगळ्याच्या मध्ये 'दानार्पण' असते. गीत चालू असते, थैली रांगेरांगेने फिरते, मग ती वेदीपाशी नेतात आणि सर्वजण उभे राहून तिच्यावर प्रार्थना करतात.

हे दान उपासनेच्या मध्येच का? दारात पेटी ठेवली असती तरी काम भागले असते. नाटकाला जाताना आपण दारात तिकीट काढतो आणि मग आत बसतो. देवळात तसे नाही. येथे देणे हे आत येण्याचे मोल नाही. आत आल्यावर, ऐकल्यावर, गाऊन झाल्यावर मनातून जे उमटते त्याचे ते एक रूप आहे. गीत ओठांनी म्हणतो, प्रार्थना मनाने करतो, तसे दान हाताने करतो. म्हणजे हातांनाही उपासनेत वाटा मिळतो.

ही रीत फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, सुमारे १५५ साली, रोम शहरात जस्टिन नावाचा एक ख्रिस्ती विद्वान होता. ख्रिस्ती लोक रविवारी जमून काय करतात, असा संशय राजदरबारी होता, म्हणून त्याने बादशहाला उद्देशून एक निवेदन लिहिले. त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. शास्त्रवाचन होते, उपदेश होतो, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो. आणि ज्यांची ऐपत आहे ते आपापल्या इच्छेप्रमाणे देतात. जमलेले सर्व उपासना चालवणाऱ्याच्या स्वाधीन होते, आणि त्यातून तो अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात पडलेले आणि परगावाहून आलेले निराधार यांना मदत करतो. भगिनींनो, या यादीकडे नीट पाहा. तीत इमारतीचे नाव नाही. पहिल्या काळात ख्रिस्ती लोकांना इमारती नव्हत्याच. ते घराघरांत जमत. दान आधी माणसांसाठी सुरू झाले, भिंती मागाहून आल्या.

आता त्या विधवेकडे वळते. तिची गोष्ट आमच्याकडची लहान मुलेही सांगतात. प्रभू येशू यरुशलेमच्या मंदिरात दानपेट्यांसमोर बसला होता. त्या मंदिरात ज्या अंगणापर्यंत स्त्रियांना जाता येई तेथे १३ दानपेट्या ठेवलेल्या असत आणि त्यांची तोंडे रणशिंगासारखी असत, असे यहुदी परंपरेत सांगितले आहे. श्रीमंत लोक येऊन पुष्कळ टाकत होते. इतक्यात एक गरीब विधवा आली आणि तिने दोन अगदी हलकी तांब्याची नाणी टाकली. आमच्या जुन्या मराठी भाषांतरात त्यांना 'टोल्या' म्हटले आहे, दोन टोल्यांची एक दमडी. त्या काळच्या हिशेबाने मजुराचा एका दिवसाचा रोज म्हणजे एक दिनार. तिने टाकलेली दोन नाणी मिळून त्या रोजाचा चौसष्टावा भाग होतो. आज पाचशे रुपये रोज धरला तर आठ रुपयेदेखील नाहीत. तरी प्रभूने शिष्यांना जवळ बोलावून सांगितले की, सर्वांहून अधिक हिनेच टाकले. कारण इतरांनी शिलकेतून दिले, हिने पोटातून दिले.

या गोष्टीवर उपदेश पुष्कळ होतात आणि बहुधा ते एवढ्यावरच थांबतात: पाहा, गरीब बाईने सर्वस्व दिले, तुम्हीही द्या. पण मार्काच्या शुभवर्तमानात या गोष्टीच्या अगदी आधीच्या ओळींत काय आहे, ते आपण वाचत नाही. तेथे प्रभूने शास्त्र्यांना बोल लावला आहे. लांब झगे घालून मिरवणारे, मेजवानीत वरची जागा शोधणारे, दाखवण्यासाठी लांब प्रार्थना करणारे हे लोक विधवांची घरे गिळतात, असा तो बोल आहे. आणि लगेच पुढे ही विधवा येते. मला वाटते, या दोन गोष्टी शेजारी ठेवण्यात अर्थ आहे. देणारीचे मन प्रभूने पाहिले तसे घेणाऱ्याचे हातही त्याने पाहिले. ज्या मंदिरात एका विधवेजवळ दोनच टोल्या उरतात, त्या मंदिराच्या कारभाऱ्यांना झोप कशी लागते, असाही प्रश्न त्यात आहे.

म्हणून दानाच्या गोष्टीत दोन बाजू नेहमी बरोबर घ्याव्या लागतात. देणारीने मनापासून द्यावे आणि घेणाऱ्याने भिऊन घ्यावे.

घेणाऱ्याने भिऊन घ्यावे म्हणजे कसे, याची दोन उदाहरणे शास्त्रातच आहेत. इस्राएल लोक मिसर देशातून सुटून रानात आले, तेव्हा उपासनेसाठी एक मंडप उभारायचा ठरला. पुरुषांनी सोने, रुपे, लाकूड आणले. स्त्रियांनी निळे, जांभळे, किरमिजी सूत कातून आणले, बकऱ्यांचे केस कातले. सेवा करणाऱ्या काही स्त्रियांनी तर आपले आरसे दिले. त्या काळचे आरसे काचेचे नसत, घासून लख्ख केलेल्या पितळेचे असत. त्या आरशांच्या धातूचे हातपाय धुण्याचे मोठे पात्र तयार झाले. ज्या वस्तूत बाई स्वतःचे रूप पाहते तीच तिने देवाच्या कामाला लावली. आणि मग काय झाले? कारागिरांनी मोशेला येऊन सांगितले की, लागते त्याहून जास्त जमले आहे. तेव्हा मोशेने छावणीत दवंडी पिटवली की, आता पुरे, कोणी आणू नये. भगिनींनो, निधी जमवणाऱ्याने 'आता पुरे' म्हटल्याचे आपण कधी ऐकले आहे का? मला तरी हे एकच उदाहरण ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण प्रेषित पौलाचे. यरुशलेमचे ख्रिस्ती लोक हलाखीत होते. पौलाने गावोगावच्या मंडळ्यांतून त्यांच्यासाठी वर्गणी जमवली. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः अगदी गरीब, तरी त्यांनी ऐपतीबाहेर दिले. आणि त्याचे कारण पौल सांगतो की, त्यांनी पैशाच्या आधी स्वतःला दिले होते. करिंथकरांना तो लिहितो की, प्रत्येकाने मनात ठरवले असेल तेवढेच द्यावे, कुरकुरत किंवा जबरदस्तीने देऊ नये. पण त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. ती रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने बरोबर घेतली, म्हणजे एवढ्या पैशाबद्दल कोणी बोट दाखवू नये. देवासमोर तर आपण चोख असलेच पाहिजे, पण लोकांसमोरही चोख दिसले पाहिजे, असा त्याचा विचार होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेबनीस आपल्या खजिनदारबाईंना नक्की आवडेल.

येथवर दूरच्या देशाच्या गोष्टी झाल्या. आता आपल्या मुलखात येऊ.

अमेरिकन मिशनचे काम अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १८३१ साली सुरू झाले. प्रारंभीच्या मंडळ्या बव्हंशी गरिबांच्या. देऊळ बांधायचे, शाळा चालवायची, पाळकांचा पगार द्यायचा, यासाठी पैसा समुद्रापलीकडून येई. गीतेही पुष्कळशी तशीच आलेली, परदेशी चालींवर मराठी शब्द बसवलेली. हे मी दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्यांनी पाठवले त्यांनी प्रेमाने पाठवले. पण उसना पैसा आणि उसना सूर यांत एक साम्य आहे. दोन्हींनी काम चालते, पण काम आपले वाटत नाही. इंग्रजी चालीवर ओढूनताणून गाणारी बाई देवळात उभी असते, तिचा जीव मात्र जात्यावरच्या ओवीत अडकलेला असतो. तसेच जेथे सगळा खर्च दुसरा कोणी करतो, तेथे आपण पाहुणे होऊन बसतो.

हे ओळखणारी माणसे आपल्यात निपजली. कृष्णराव सांगळे यांनी १८६० नंतरच्या काळात नगरकडे ख्रिस्ती कीर्तने केली. पुढे नारायण वामन टिळक आले. १८६१ साली कोकणात त्यांचा जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा. त्यांनी शेकडो गीते, अभंग, भजने लिहिली. वारकऱ्यांच्या अभंगाचा ठेका आणि टाळांचा नाद देवळात आला. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी मंडळीत जा, टिळकांच्या गीताशिवाय उपासना क्वचितच होते. अक्षरओळख नसलेल्या आजीलासुद्धा ती पाठ असतात. सूर आपला झाला, तशी उपासना आपली झाली. आणि टिळकांनी सुराबरोबर दुसरी गोष्टही केली. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. पंथांच्या भिंती ओलांडून ख्रिस्ताच्या अनुयायांनी एकत्र यावे, असा त्यामागे विचार होता. पुढच्या दोनच वर्षांत, १९१९ साली, ते निवर्तले. दरबार फार टिकला नाही. पण आपली भक्ती आपल्या पायांवर उभी राहावी ही ओढ मागे राहिली, ती मोलाची.

टिळकांचे नाव घेतले की लक्ष्मीबाईंचे घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्यांची 'स्मृतिचित्रे' आपणांपैकी बहुतेकींनी वाचली असतील. टिळकांचा हात फार सैल. हातात आलेले हातात राहात नसे. कोणी गरजू दिसला की दिले. जग अशा माणसाला उदार म्हणते आणि ते खरेही आहे. पण उद्याची चूल कशी पेटवायची याचा घोर लक्ष्मीबाईंना. त्यांनी ते सगळे हसत हसत, पण झाकून न ठेवता लिहिले आहे. मला नेहमी वाटते, उदारतेचा इतिहास लिहिताना देणाऱ्याचे नाव लिहितात. त्या देण्यामुळे जिच्या डब्यातले पीठ कमी झाले, तिचे नाव कोण लिहितो? आणि तरीही त्याच लक्ष्मीबाईंनी अनाथ लेकरांना आपल्या घरात वाढवले. म्हणजे देण्याला त्यांचा विरोध नव्हता. आपल्याला विचारून, आपल्यासह दिलेले त्यांना हवे होते. घरातल्या बाईला न विचारता नवऱ्याने दिलेले मोठे दान हे निम्मेच त्याचे असते, हे आमच्या मंडळीतल्या पुरुषांनाही मी सांगते.

प्रभू येशूनेही याबद्दल कडक शब्द वापरले आहेत. त्या काळी काही लोक आपले धन 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे ठरवून टाकीत आणि मग म्हाताऱ्या आईबापांना सांगत की, आता तुम्हाला द्यायला आमच्याजवळ काही नाही. असले दान देवाला नको, असे त्याने स्पष्ट सांगितले. आणि डोंगरावरच्या प्रवचनात तो म्हणतो की, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तेथे आठवले की भावाचे मन आपल्याबद्दल दुखावलेले आहे, तर दान तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. किती अडचणीची आज्ञा आहे पाहा! थैली समोर आली आहे, नोट हातात आहे, आणि आठवते की जावेशी सहा महिने बोलणे नाही. ही आज्ञा आपण अक्षरशः पाळली तर कित्येक रविवारी निम्मे देऊळ रिकामे होईल. पण मनापासूनची उपासना म्हणजे हीच. डोळे मिटून गोड गाणे सोपे आहे. जावेच्या दारात जाणे अवघड आहे.

आता दोन गोष्टी स्त्रियांच्या दानाच्या.

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या सर्वांना पूज्य आहे. १८८७ साली अमेरिकेत बॉस्टन शहरी त्यांच्या कामासाठी एक संस्था निघाली. गावोगावी मंडळे निघाली आणि त्यांच्या सभासदांनी वर्षाला एक एक डॉलर, असे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. कोणी एका धनिकाने एकरकमी पैसे दिले असते तर काम लवकर झाले असते. पण एक एक डॉलर देणाऱ्या शेकडो बायकांची आठवण दर वर्षी ताजी राहिली. त्या बळावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. मध्य प्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुलीबाळींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. आणि ज्यांना आश्रय मिळाला त्या फक्त घेणाऱ्या राहिल्या नाहीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. रमाबाई १९२२ साली वारल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. दुष्काळात भुकेने मरू घातलेल्या मुलींच्या हातांनी जो ग्रंथ छापला, त्याला दान म्हणायचे नाही तर कशाला? दान पैशाचेच असते असे नाही, हे तेथे दिसते.

दुसरी गोष्ट पार ईशान्येकडच्या मिझोरामची. तेथील ख्रिस्ती स्त्रियांमध्ये १९१० च्या सुमारास एक रीत सुरू झाली, ती आजही चालू आहे. घरात भात शिजवताना तांदूळ मोजून घेतले की त्यांतली एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकायची. प्रत्येक जेवणाच्या वेळी एक मूठ. मग मंडळीतल्या स्त्रिया घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करतात, विकतात, आणि तो पैसा मंडळीच्या आणि सुवार्तेच्या कामाला लागतो. रोकड नसलेल्या डोंगराळ मुलखातल्या गरीब बायकांनी काढलेली ही युक्ती. तिने मोठमोठी कामे तोलून धरली आहेत. यातली खरी खुबी मुठीच्या मापात नाही. ती मूठ स्वयंपाकाच्या वेळी काढायची असते, उरल्यावर नाही. आणि ती काढताना बाई क्षणभर देवाला आठवते. म्हणजे तिची चूल दिवसातून दोनदा वेदी होते.

आपल्याला ही रीत परकी वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड काढला, तो असाच मूठ मूठ धान्याचा. आणि बोर्डिंगातल्या मुलांना उपाशी ठेवायचे नाही म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, दिले, हे साताऱ्याकडची पोरेही जाणतात. धर्म वेगळे असतील, पण मुठीला धर्म नसतो.

आता आमच्या मंडळीतली एक गोष्ट सांगते आणि मूळ मुद्द्यावर येते. नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. आमच्या देवळात पूर्वी दानाचे ताट फिरत असे, उघडे. कोणी काय टाकले ते शेजारणीला दिसे. एका बाईच्या नवऱ्याचे काम सुटले. दोन मुले, म्हातारी सासू. ती बाई देवळात यायची बंद झाली. आम्हाला वाटले, आजारपण असेल. आमच्या स्त्री-समाजातल्या एक वडीलधाऱ्या मावशी तिच्या घरी गेल्या. त्यांनी विचारले, "काय गं, देवावर रुसलीस का?"

ती म्हणाली, "देवावर कशाला रुसू, मावशी? ताट समोर आलं की हात रिकामा असतो. शेजारची बघते. मुलं विचारतात, आपण का नाही टाकलं? त्यापेक्षा घरीच प्रार्थना करते."

मावशी घरी आल्या आणि त्या आठवड्यात त्यांना चैन पडले नाही. पुढच्या सभेत त्यांनी एकच प्रश्न केला, "आपल्या ताटामुळे एक बाई देवळाबाहेर राहिली. ताट मोठं की बाई मोठी?" सभेत बरीच वाटाघाट झाली. काही म्हणाले, उघड्या ताटाने रक्कम जास्त जमते, झाकले तर कमी होईल. हिशेबाची काळजी करणारे होते, त्यांचेही चूक नव्हते. छपराची दुरुस्ती निघाली होती. शेवटी पाळकसाहेबांनी कौल दिला आणि ताट गेले. त्याजागी कापडाची खोल थैली आली. स्त्री-समाजानेच ती शिवली. हात आत जातो, मूठ उघडते, काय पडले ते देवाला ठाऊक. रिकामी मूठही आत जाते आणि बाहेर येते.

मावशींनी आणखी एक केले. प्रभुभोजनाच्या रविवारी जी भाकर लागते ती भाजण्याचे काम त्यांनी त्या बाईला दिले. पीठ समाजाचे, हात तिचे. तिने भाजलेली भाकर मोडून सर्वांना वाटली गेली, तेव्हा जे देणगीदार म्हणून ओळखले जात त्यांनीही ती तिच्या हातची खाल्ली. पुढे तिच्या घरी दिवस पालटले. पण थैली तशीच राहिली. आता कित्येक तरुण मुले भ्रमणध्वनीवरून परस्पर पैसे पाठवतात, दारात चौकोनी चिन्हाचा कागद लावलेला आहे. सोय चांगली आहे. तरी थैली फिरते. आणि घरून पैसे पाठवलेली मुलेही तिच्यात हात घालून पुढे देतात, हे पाहून मला बरे वाटते. रकमेचा काही तोटा झाला नाही का, असे कोणी विचारील. पहिले काही महिने कमी जमले, हे खरे. छपराचे काम एक पावसाळा पुढे गेले. एका कोपऱ्यात आम्ही बादली ठेवून बसलो. पण त्या पावसाळ्यात सगळी मंडळी छपराखाली होती.

भगिनींनो, आपल्या इमारत निधीबद्दल मला काय वाटते ते आता आपल्या लक्षात आले असेल. नावे छापण्यात पाप आहे असे मी म्हणत नाही. दात्याचे आभार मानणे ही सभ्यता आहे. पण आकडे छापले की यादीच्या तळाशी कोणीतरी येते. आपल्या मंडळात भाजी विकणाऱ्या आहेत, घरकाम करणाऱ्या आहेत, आणि पेन्शनीवर जगणाऱ्या दोघी आजीही आहेत. त्यांच्या अकरा रुपयांपुढे अकरा हजार छापले गेले, तर पुढच्या हळदीकुंकवाला, पुढच्या नाताळच्या फराळाला त्या येतील का, एवढाच प्रश्न मी विचारते. नावे छापायची तर सर्वांची छापा, वर्णानुक्रमाने छापा, आकड्याविना छापा. जिने पैसे दिले तिचे, आणि जिने चार दिवस येऊन सतरंज्या झटकल्या तिचेही. हिशेब मात्र पै-पैचा छापा, तो झाकू नका. दानाची रक्कम झाकावी आणि खर्चाचा हिशेब उघडा ठेवावा. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट चालते.

आणि शक्य झाले तर मुठीचा प्रयोग करून पाहू. प्रत्येकीच्या घरी एक डबा. रोज स्वयंपाकाच्या वेळी ज्वारी, तांदूळ, डाळ, जे असेल त्याची एक मूठ. महिन्याच्या शेवटी जमवू. त्यातले पहिले धान्य इमारतीला न लावता, आपल्यातल्याच ज्या घरी चूल अडली असेल तेथे, गाजावाजा न करता पोचवू. जस्टिनच्या यादीत माणसे आधी होती, ते आपणही ध्यानात ठेवू.

शेवटी एवढेच म्हणते. उपासना ज्या देवाची तुम्ही करत असाल त्याची करा. पण देताना स्वतःला बाजूला ठेवून फक्त पैसे पुढे करू नका, आणि घेताना पैसे उचलून माणसाला बाजूला ठेवू नका. प्रभू दानपेटीसमोर बसला होता, तेव्हा त्याच्याजवळ वही नव्हती. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे पाहात होता. आपल्या नव्या इमारतीच्या दाराशीही कोणी तरी असेच बसलेले आहे असे समजून आपण वागू या.